जुनी दांडी, नवे पॉलिश

नंदनवनातील एखाद्या घरी आजोबांची इलेक्ट्रिक गिटार माळ्यावरून खाली उतरते, तेव्हा दांडीवर अंगठ्याच्या जागी पॉलिश झिजून मेपलचे लाकूड काळवंडलेले दिसते. नातवाला ती नवीकोरी हवी असते. मूळ पॉलिश खरवडलेल्या जुन्या वाद्याची किंमत बाजारात उतरते, हे व्यापाऱ्याच्या घरी निराळे सांगावे लागत नाही.

परंतु उघडे लाकूड नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते आणि दांडी वाकू शकते. म्हणून मळ काढून झिजलेला भाग तेवढाच पातळ लेपाने झाकावा; उरलेल्या पॉलिशला पॉलिशपेपर लावू नये.

लेप कोणता, हा प्रश्न जैन घरात अधिक नाजूक. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना परंपरेने दिले जाणारे चपडा लाखेचे पॉलिश किड्यांच्या स्रावापासून होते आणि लाख काढताना असंख्य जीव जातात. १९५०च्या दशकातील अमेरिकी गिटारींवरचे नायट्रोसेल्युलोज लॅकर मात्र कापसासारख्या वनस्पतिजन्य तंतूपासून बनते. जुना थर त्याच जातीचा असल्यास नवा लेप त्यात विरघळून एकजीव होतो. त्याची वाफ लवकर पेट घेते. काम गच्चीवर, देवघरातील दिव्यापासून दूर करावे.