सहावी ते बारावी : डोळ्यांची सात वर्षे

एनडीएच्या उड्डाण शाखेसाठी चष्म्याचा नियम सैल करावा, अशी मागणी दर वर्षी निकालाच्या दिवसांत स्टाफ रूमपासून पालकसभेपर्यंत ऐकू येते. यंदाही ऐकली. एसएसबीत शिफारस झालेला, गणित आणि भौतिकशास्त्रात हुशार, क्रॉस कंट्रीत पहिल्या पाचांत येणारा मुलगा मायनस पाऊण नंबरामुळे वैद्यकीय तपासणीतून परत येतो, तेव्हा वाईट वाटणारच. "पाऊण नंबर तो काय, सर! चष्मा लावला की सगळं दिसतं की त्याला," असे त्याचे वडील म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरीही माझे मत असे आहे की हा नियम आहे तसाच राहावा. बदल हवा आहे तो सैनिकी शाळांत आणि घरांत, आणि तोही बारावीत नव्हे, सहावीत.

हे पान घरी आई-वडील, कधी आजी-आजोबाही वाचतात, म्हणून नियम काय आहे ते आधी सांगतो. उड्डाण शाखेसाठी एका डोळ्याची नजर चष्म्याविना 6/6 आणि दुसऱ्याची किमान 6/9 लागते. दुसरा डोळाही काचेने 6/6 पर्यंत यायला हवा, आणि ती काच फक्त प्लसची चालते. मायनस नंबर अजिबात चालत नाही. 6/9 म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर 9 मीटरवरून वाचता येते, ते वाचायला या डोळ्याला 6 मीटरवर यावे लागते. हा तक्ता हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी 1862 मध्ये तयार केला. 6/6 च्या ओळीतले अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असते.

प्लस चालतो आणि मायनस का नाही, हा प्रश्न वर्गात मला हमखास विचारला जातो. दहावीच्या पुस्तकातली आकृती आठवा. निकटदृष्टितेत नेत्रगोल लांबट झालेला असतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. थोडा प्लस असलेला तरुण डोळा भिंगाभोवतीचे स्नायू आवळून ती प्रतिमा मागून पुढे ओढू शकतो. मायनसच्या डोळ्याला प्रतिमा मागे ढकलण्याची काही सोयच नाही. स्नायू कितीही सैल सोडले तरी नंबर तेवढाच राहतो. त्यात आकाशाची एक खोड आहे. समोर ढग नाही, डोंगर नाही, नुसता निळा किंवा काळा पडदा असला की टेकायला काही न मिळालेला डोळा आपोआप काही मीटरच्या आत फोकस करून बसतो. म्हणजे चांगली नजर असलेला वैमानिकही रिकाम्या आकाशात तेवढ्यापुरता मायनस नंबरवाला होतो. ज्याचा मुळातच पाऊण आहे, त्याच्यात ही भर पडते. समोरासमोर येणारी दोन लढाऊ विमाने ताशी 900 किलोमीटरने उडत असतील, तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला 500 मीटरने कमी होते. ठिपका पाच किलोमीटरवर दिसला तर हातात दहा सेकंद असतात. तीन किलोमीटरवर दिसला तर सहा.

मग चष्मा लावून का उडू नये? अनेक जण उडतात. सेवेत असताना नंबर आलेले किंवा चाळिशी लागलेले वैमानिक चष्मा लावून विमान चालवतात. एअर फोर्स स्टेशनला भेट द्यायला गेलेल्या आपल्या कॅडेटांनी ते पाहिलेले आहे. प्रवासी विमानांच्या वैमानिकांनाही चष्म्याची परवानगी असते, फक्त दुसरा जोड जवळ ठेवावा लागतो. लढाऊ विमानात मात्र चष्म्याला जागा कमी. हेल्मेटच्या कडेखाली काड्या रुततात, ऑक्सिजन मास्कमुळे काच धुरकटते, रात्री पाहण्याची दुर्बीण डोळ्यांपासून लांब राहते. 25 ग्रॅमचा चष्मा 6 जीच्या वळणात 150 ग्रॅमचा होतो आणि घामेजल्या नाकावरून खाली येतो. कॉन्टॅक्ट लेन्सने यातले बरेच प्रश्न सुटतात, पण कॉकपिटच्या कोरड्या हवेत ती सुकते, आणि राजस्थानातल्या धुळीत तिची स्वच्छता राखणे किती अवघड, ते तिथे राहिलेल्यांना विचारा.

पण खरे कारण मला वेगळे वाटते. अनुभवी वैमानिकाचा नंबर काय आहे आणि तो कुठे थांबला आहे हे ठाऊक असते. साडेसोळा ते साडेएकोणीस या वयातल्या मुलाचे ते ठाऊक नसते. आज पाऊण असलेला नंबर बाविशीपर्यंत एक होईल की अडीच, हे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. अमेरिकेचे उदाहरण पुष्कळ जण देतात. तिथले हवाई दल थोडा मायनस नंबर असलेल्यांनाही वैमानिक प्रशिक्षणाला घेते आणि 2007 पासून लेसिक शस्त्रक्रिया झालेल्यांनाही अर्ज करता येतो. खरे आहे. मात्र तिथे उड्डाण प्रशिक्षणाला येणारा उमेदवार पदवीधर असतो, म्हणजे त्याचा डोळा बहुधा वाढायचा थांबलेला असतो. आपण एनडीएत शाळकरी डोळा निवडतो.

आपल्याकडेही पदवीनंतरचे दार आहे आणि त्याविषयी आपल्या मुलांना फार कमी माहिती असते. सीडीएस किंवा अ‍ॅफकॅटमधून उड्डाण शाखेत जायचे वय 20 ते 24. तिथे लेसिक किंवा पीआरके झालेला उमेदवार विचारात घेतला जातो, पण अटी कडक आहेत. शस्त्रक्रिया विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी. तिला किमान 12 महिने झालेले असावेत आणि नंबर स्थिर असावा. पारपटलाची मधली जाडी 450 मायक्रॉनपेक्षा कमी नसावी. आणि नेत्रगोलाची पुढून मागची लांबी 25.5 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी.

ही शेवटची अट नीट वाचा. लेझर पारपटलाला, म्हणजे डोळ्याच्या काचेला, नवा आकार देतो. लांब झालेला नेत्रगोल त्याने आखूड होत नाही. मोठ्या माणसाचा निरोगी डोळा सुमारे 24 मिलिमीटर लांब असतो आणि लांबी एका मिलिमीटरने वाढली की साधारण अडीच ते तीन डायॉप्टरचा मायनस नंबर येतो. लांबी वाढते तसे दृष्टिपटल ताणले जाऊन पातळ होते आणि फाटण्याचा धोका वाढतो. मंडळाला काळजी त्याची आहे. म्हणजे मायनस दीडवर थांबलेल्या मुलाला एकविसाव्या वर्षी हे दार बहुधा उघडे असते आणि मायनस पाचवर गेलेल्याला पैसे खर्च करूनही ते बहुधा बंद असते. या दोघांमधला फरक कधी पडतो? सहावी ते बारावी. मुले आपल्या हॉस्टेलमध्ये राहतात त्याच सात वर्षांत.

लेझर येण्यापूर्वी पारपटलावर किरणांसारखे छेद देऊन नंबर घालवत. 1996 मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या बेक वेदर्स या अमेरिकी डॉक्टरांवर ती शस्त्रक्रिया झालेली होती. विरळ हवेत त्यांच्या पारपटलाचा आकार बदलला आणि शिखराच्या वाटेवरच त्यांना दिसेनासे झाले. उंचीवर काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर कोणती शस्त्रक्रिया चालेल याबाबत वैद्यकीय मंडळे इतकी सावध का असतात, ते यावरून लक्षात यावे. म्हणूनच अठराव्या वर्षी घाईने लेसिक करून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. त्याने एनडीएचे दार उघडत नाही, आणि विसाव्या वर्षानंतरचेही बंद होते.

आता शाळेविषयी. आपल्यासारख्या शाळांत दाखल होताना डोळे तपासले जातात. पुढे वर्षातून एकदा एमआय रूममध्ये रांग लागते आणि एकेक जण तक्ता वाचतो. पाचवा मुलगा वाचेपर्यंत सहाव्याला तक्ता पाठ झालेला असतो. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन वैमानिक अडॉल्फ गालांड अपघातात डोळा दुखावल्यावर तक्ता पाठ करून तपासणी पास झाला, ही गोष्ट आपल्या हाउसमध्ये मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. ती 1930 च्या दशकातली गोष्ट आहे. आज दिल्लीच्या किंवा बेंगळुरूच्या हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रात डोळ्यात थेंब घालून रेटिनोस्कोपने नंबर काढतात. रेटिनोस्कोप काहीच विचारत नाही, त्यामुळे त्याला खोटे उत्तर देता येत नाही. तशीच तपासणी आपल्याकडे सहावीपासून दर वर्षी नेत्रतज्ज्ञांकडून व्हावी आणि आकडा वहीत तारखेसह लिहून मुलाला व घरी कळवावा, एवढीच माझी मागणी आहे. शक्य असेल तिथे नेत्रगोलाची लांबीही मोजावी. खर्च आहे, पण स्विमिंग पूलच्या फरशीइतका नाही. ज्याचा नंबर आठवीत आला त्याला आठवीतच कळले, तर त्याच्या हातात चार वर्षे उरतात. त्याला नेत्रतज्ज्ञांकडे नेता येते; नंबर वाढण्याचा वेग कमी करणारे थेंब आणि खास काचा आता आहेत, त्या कोणाला द्यायच्या ते डॉक्टर ठरवतील.

आज होते ते उलटे. मुले नंबर लपवतात. चष्मा लागला हे कळले तर हाउसमध्ये 'ग्राउंड ड्यूटी' म्हणून चिडवतात, आणि चष्मा लावला की नंबर वाढतो अशी घरचीही समजूत असते. मलेशियात मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिलेल्या मुलांचा अभ्यास झाला, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुलांचा नंबर पूर्ण नंबराचा चष्मा लावणाऱ्यांपेक्षा जास्त वाढला होता. फळा न दिसणाऱ्या मुलाने शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेण्यात शौर्य काही नाही, गणिताचे गुण मात्र जातात. आणि गणित-भौतिकशास्त्राचे बारावीचे गुण त्या दुसऱ्या दारासाठीही लागतात. चष्मा लागला म्हणून हे विषय सोडणारा मुलगा ते दार स्वतःच लावून घेतो.

उजेडाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये पहिलीतल्या मुलांना रोज 40 मिनिटे जादा बाहेर नेले. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30.4 टक्क्यांना नंबर आला होता. नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांत हेच प्रमाण 39.5 टक्के होते. नंबर येणे टाळायला दिवसाचा उजेड मदत करतो. आलेला नंबर त्याने उतरत नाही. दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या एम्सच्या पाहणीत 13.1 टक्के मुलांना निकटदृष्टिता आढळली, ती पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. आपण म्हणतो, आमची मुले तर सदा मैदानावर! वेळापत्रक काढून पाहा. हिवाळ्यात पीटी होते तेव्हा अजून अंधार असतो. मग दिवसभर वर्ग, संध्याकाळी उन्हे उतरल्यावर गेम्स, नंतर प्रेप. वर्गात 300 ते 500 लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो कित्येक पट जास्त. आणि दहावी-बारावीला कोचिंगसाठी पहिला बळी जातो तो गेम्सच्या तासाचाच. लाइट्स आउटनंतर पांघरुणात टॉर्च लावून वाचणारे वेगळेच. मधल्या सुट्टीत वर्गाला कुलूप लावून सगळ्यांना बाहेर काढणे हा फुकटचा उपाय आहे आणि तो पुढच्या सत्रापासून करता येईल.

गाजराविषयी एकच सांगतो. 1940 मध्ये इंग्लंडमध्ये जॉन कनिंगहॅम हे वैमानिक रात्री शत्रूची विमाने पाडू लागले, तेव्हा ते गाजर खातात म्हणून त्यांना अंधारात दिसते, असे पसरवले गेले. खरे कारण विमानात बसवलेले रडार होते आणि ते लपवायचे होते. अ जीवनसत्त्व कमी पडले तर रातांधळेपणा येतो, म्हणून मेसमधली पालेभाजी टाकू नका. पण लांबट झालेला नेत्रगोल गाजराने, त्राटकाने किंवा जाहिरातीतल्या थेंबांनी आखूड होत नाही.

रंगांची तपासणीही सहावीतच व्हावी. रंगदृष्टीतला जन्मजात दोष बदलत नाही, आणि उड्डाण शाखेत त्याला सूटही नाही. ते अकराव्या वर्षी कळलेले मूल दुसरे स्वप्न पाहायला मोकळे असते. अठराव्या वर्षी कळलेल्याची समजूत काढताना आपल्याला शब्द सापडत नाहीत.

पालकांना एक विनंती. येत्या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला नेत्रतज्ज्ञांकडे नेऊन थेंब घालून तपासणी करून घ्या आणि कागद परत येताना हाउस मास्टरांकडे द्या. थेंबांनंतर औषधाप्रमाणे एखादा दिवस ते काही दिवस जवळचे धूसर दिसते आणि उजेड डोळ्यांना खुपतो. म्हणून हे काम सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात उरका, शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी नको.