दारात गाडी, थांब्यावर माणसे

दसरा नुकताच पार पडला. नेहमीप्रमाणे यंदाही गावोगावच्या अंगणांतून गाड्या धुऊन पुसून उभ्या होत्या. बॉनेटवर झेंडूचे हार, काचेवर गंधाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. शस्त्रांच्या आणि अवजारांच्या पूजेचा हा दिवस. गोमंतकातल्या मध्यमवर्गीय घरात आता पूजण्याजोगे अवजार एकच उरले आहे आणि त्याला चार चाके आहेत, असे कुणी थट्टेने म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांपाशी मोटारगाडी आहे. साऱ्या देशाचे हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास, आणि आपल्या मागोमाग येणारे केरळही आपल्याहून बरेच मागे. या आकड्याने आपली मान ताठ व्हावी की खाली जावी, याचा विचार आम्ही गेले काही दिवस करीत आहोत.

गाडीचा हेवा करण्याचे आम्हांस कारण नाही. एकेकाळी 'कारेर' नावाच्या खटाऱ्यात माणसे, माशांच्या पाटल्या आणि नारळांची पोती एकत्र कोंबली जात आणि ती एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात पोचेपर्यंत निम्मा दिवस सरे. मुक्तीनंतरही कित्येक वर्षे अ‍ॅम्बॅसडर किंवा फियाट हवी असेल तर पैसे भरून वाट पाहत बसावे लागे. गाडी होती ती भाटकाराच्या, डॉक्टरच्या नाहीतर खाणमालकाच्या दारी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि शाळामास्तर, बँकेतला कारकून यांनाही गाडीचे स्वप्न पाहण्याचा धीर झाला. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि बेती यांच्यामध्ये फेरीबोटीच्या रांगेत पावसात भिजत उभे राहिलेल्या पिढीने आपल्या मुलांना स्वतःची गाडी घेऊन दिली असेल, तर त्यात तिचे काय चुकले? सुखासाठी माणसाने कष्ट करावेत आणि ते सुख चार चाकांवर यावे, यात गैर काहीच नाही.

गैर निराळेच आहे. जी वस्तू सोय म्हणून घरात आली, ती आता सक्ती होऊन बसली आहे.

गाडीच्या मालकालाच विचारावे. पहिल्या वर्षाची नवलाई संपली की तो आपले गाऱ्हाणे सांगू लागतो, आणि ते बहुतेकांचे सारखेच असते. आमच्या हवेत गाडी माणसाहून लवकर म्हातारी होते. खारे वारे दारांच्या कडा आणि तळाचा पत्रा आतून खात जातात. वरून रंग शाबूत असतो आणि खाली बोट लावले तर गंजाचा पापुद्रा हाती येतो. पावसाळ्यात चार दिवस गाडी हलली नाही की आसनांवर बुरशीची पांढरी साय धरते. उंदरांना इंजिनाची ऊब आवडते, आणि ऊब मिळाल्यावर तारांवर दात घासावेसे वाटतात. आमच्या स्वतःच्या गाडीच्या तारा अशा दोनदा कुरतडल्या गेल्या. दुसऱ्या वेळी गॅरेजवाल्याने जे बिल हाती ठेवले, ते पाहून उंदीर त्याच्या पगारावर असावेत असा संशय आम्हांस आला. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हापुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला तर इंजिनात पाणी ओढले जाऊन ते कायमचे निकामी होते, आणि साध्या विम्यातून ती भरपाई सहसा मिळत नाही, ही गोष्ट बहुतेकांना कळते ती नुकसान झाल्यावरच. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते व दोनेक वर्षांनी बदलावे लागते, हे तर पुष्कळांच्या कानीही नसते.

शहरात नेलेली गाडी ठेवायची कुठे, हे दुसरे दुखणे. पणजीच्या अठरा जून मार्गावर एखादी जागा रिकामी दिसावी म्हणून एकाच चौकोनाभोवती तीन तीन फेरे घालणारी सद्गृहस्थ मंडळी पाहिली की देवळाच्या प्रदक्षिणेची आठवण होते. फरक इतकाच, की तेथे पुण्य तरी पदरी पडते. मडगाव, म्हापसा, फोंडा, कोणत्याही बाजारात निराळा अनुभव नाही. गावातल्या रस्त्याची कथा तर आणखी बिकट. हे रस्ते बैलगाडीच्या मापाने आखलेले. दोन्ही बाजूंना चिऱ्यांची कुंपणे, एका अंगास उघडे गटार. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकाने मागे जायचे असते. पूर्वी ज्याला मागे वळण जवळ, तो निमूटपणे मागे जाई, दुसरा हात उंचावून आभार मानी आणि जाता जाता घरच्यांची विचारपूसही होई. आता दोघेही काचा वर करून, इंजिन चालू ठेवून, एकमेकांकडे न पाहता बसून राहतात.

आणि अंगण! तुळशीवृंदावन आणि घराची पायरी यांच्यामधली शेणाने सारवलेली मोकळी जागा हे आपल्या घराचे खरे दर्शनी दालन होते. तेथे भात वाळे, मुले खेळत, घुमटाचा आवाज घुमे. आज तेथे गाडी उभी असते. काही घरांतून तर तुळशीला प्रदक्षिणा घालताना गाडीच्या आरशाला पदर अडकू नये म्हणून गृहिणीला अंग चोरावे लागते. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी गाडी रस्त्यावर काढून ठेवली जाते, आणि मग शेजाऱ्याची वाट अडते.

इतका खर्च, इतका त्रास आणि तरीही माणूस गाडी सोडीत नाही. का सोडीत नाही? कारण संध्याकाळी साडेसात-आठ वाजले की बऱ्याच गावांच्या वाटेवरची बस संपते. खाजगी बसवाल्याला रिकामी फेरी परवडत नाही, म्हणून तो शेवटची फेरी गाळतो. फेरीचा भरवसा गेला की प्रवासी दुचाकी घेतो, जरा ऐपत आली की गाडी घेतो. प्रवासी कमी झाले म्हणून त्याच्या आधीचीही फेरी मग गळते. असे हे रहाटगाडगे गेली तीन-चार दशके फिरत आहे. कदंब वाहतूक महामंडळाची स्थापना १९८० मध्ये झाली ती नेमके हे गाडगे थांबवण्यासाठी. त्याने पुष्कळ केलेही, नाही असे नाही. अलीकडे खाजगी बसगाड्यांना कदंबच्या छत्राखाली आणणारी 'म्हजी बस' योजनाही सरकारने पुढे केली. परंतु रात्रीच्या नऊ वाजता कामावरून सुटलेल्या माणसाला आपल्या वाड्यावर पोचवणारी बस आहे की नाही, एवढीच या साऱ्याची कसोटी, आणि त्या कसोटीला आपण अद्याप उतरलेलो नाही.

गेल्या आषाढातली गोष्ट. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. पणजीचे काम आटोपून आम्ही फोंड्याकडे निघालो होतो. बाणस्तारीचा पूल मागे पडला, मंगेशीही गेले आणि म्हार्दोळच्या थांब्यापाशी दिव्यांच्या झोतात एका छत्रीखाली उभे असलेले एक वृद्ध जोडपे दिसले. म्हाताऱ्याने हात अर्धवट वर केला. पूर्ण वर केला नाही. गाडी आपल्यासाठी थांबणार नाही, याची त्याला पुष्कळ अनुभवाने खात्री असावी. आम्ही थांबलो नाही. पाऊस फार होता, आसने ओली झाली असती, मागून कोणीतरी येतच असेल. अशा वेळी मनाला जी कारणे सुचतात ती सारी आम्हांलाही सुचली. फर्मागुढीपर्यंत ती पुरली. तेथे गाडी वळवून आम्ही मागे आलो. वाटेत समोरून गेलेल्या गाड्या आम्ही मोजल्या नाहीत, पण बहुतेकांत एकेकच माणूस होता, इतके मात्र लक्षात राहिले. जोडपे तेथेच उभे होते.

बांबोळीच्या इस्पितळात नातेवाइकाला पाहून ती दोघे परतत होती. म्हार्दोळपर्यंत बस मिळाली. तेथून आत गावाकडे जाणारी केव्हाच गेली होती. पायलटही पावसामुळे घरी परतला होता. म्हातारा आसनाच्या अगदी काठावर बसला होता, आणि चिखलाची पावले रबरी चटईवरच राहतील याची काळजी घेत होता. बोलता बोलता म्हणाला, "घरांत गाडी आसा. चलोवपी बोटीर आसा." मुलाने दोन वर्षांपूर्वी घेतलेली गाडी ताडपत्री घालून अंगणात उभी होती, आणि मुलगा कुठल्याशा समुद्रावर.

पाहणीच्या त्या ४५ टक्क्यांत हे घरही मोजले गेले असते. आकड्यांची गंमत अशी की 'कुटुंबापाशी गाडी आहे' याचा अर्थ कुटुंबातल्या प्रत्येकापाशी ती आहे, असा आपण धरून चालतो. गाडी एकाची असते. तो कामावर घेऊन गेला की घरातली आई, सून, शाळेतली मुलगी, डोळ्यांना कमी दिसणारे आजोबा ही सारी बिनगाडीचीच. गाडी नसलेल्या निम्म्याहून अधिक घरांचा प्रश्न तर उरतोच. तेव्हा बसचा प्रश्न हा केवळ गरिबाचा प्रश्न, ही समजूत गाडीवाल्यांनीच प्रथम टाकून दिली पाहिजे.

रात्री गाडी चालवणाऱ्यालाही या स्थितीचा जाच कमी नाही, आणि येथे प्रश्न गैरसोयीचा राहत नाही, जिवाचा होतो. पावसाळ्यात गुरे डांबरी रस्त्यावर येऊन बसतात, कारण तेवढीच जागा कोरडी व उबदार असते. काळी म्हैस, काळे डांबर आणि समोरून येणाऱ्याने डोळ्यांवर सोडलेला पूर्ण झोत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. दिपलेले डोळे सावरायला दोन-तीन सेकंद लागले तर तेवढ्यात पन्नास मीटरचे अंतर आंधळेपणीच कापले जाते, त्यानंतर ब्रेक. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाचे साधे गणित. गोव्याच्या रस्त्यांवर दर वर्षी दोनशेहून अधिक माणसे मरतात आणि त्यांत दुचाकीस्वारांचाच भरणा अधिक. समोरून वाहन येताना डिपर देणे, हे बोटाच्या एका हालचालीचे काम. ते न करणाऱ्याला आम्ही अज्ञानी म्हणणार नाही. तो उद्धट आहे.

आणि मिसरूड न फुटलेल्या मुलाच्या हाती किल्ली देणारे वडील? 'गावातल्या गावात तर जातो', असे ते कौतुकाने सांगतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. हे कलम दसऱ्याच्या पूजेच्या वेळी गाडीच्या काचेवर चिकटवावे, अशी सूचना करण्याचा मोह आम्ही आवरतो. मात्र येथेही आम्हांस दुसरी बाजू दिसते. क्लासहून रात्री परतणाऱ्या मुलाला बस मिळत असती, तर निम्म्या आयांनी तरी त्याच्या हाती स्कूटरची किल्ली दिली नसती.

पूल पुष्कळ झाले. २०१९ च्या जानेवारीत मांडवीवर अटल सेतू खुला झाला, ज्यावर दुचाकीला मज्जावच आहे. झुआरीचा नवा पूल २०२२ च्या अखेरीस एका बाजूने आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूने सुरू झाला. हे सारे हवे होते. परंतु त्यांवरून जाणाऱ्या गाड्या शेवटी पणजीच्या त्याच चार रस्त्यांवर उतरतात, आणि तेथे उभ्या राहायला जागा नाही.

म्हणून आमची मागणी अगदी लहान आहे. पणजी, मडगाव, म्हापसा व फोंडा या चार ठिकाणांहून रात्री साडेनऊला एकेक बस प्रत्येक प्रमुख मार्गाने सुटावी, आणि ती हमरस्त्यावरच न थांबता आतल्या तिठ्यांपर्यंत जावी. बांबोळीच्या इस्पितळातून भेटीची वेळ संपल्यावर एक सुटावी. वेळापत्रक प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लागावे, आणि पाऊस असो की प्रवासी दोनच असोत, फेरी रद्द होऊ नये. पहिले वर्षभर ती तोट्यात जाईल हे गृहीत धरून अंदाजपत्रकात तेवढी तरतूद व्हावी. फेरीचा भरवसा गमवायला वीस वर्षे लागली, तो सहा महिन्यांत परत येणार नाही. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात कोणा आमदाराने हा प्रश्न विचारला, तर त्याने उत्तर ऐकण्यापूर्वी एक रात्र आपली गाडी घरी ठेवून आपल्याच मतदारसंघात साडेआठनंतर बसने जाऊन पाहावे. म्हार्दोळचा थांबा त्याला सोयीचा नसेल, तर दुसरे पुष्कळ आहेत.