घाटातला शेवटचा सायकलस्वार

थंडी पडू लागली की रविवारी भल्या पहाटे पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने सायकलस्वारांचे ताफे निघू लागतात. कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट ओलांडून सुमारे १०० किलोमीटरांवरील पाचगणी गाठावयाची, आणि ज्यांच्या अंगात त्राण उरले असेल त्यांनी महाबळेश्वराहून आंबेनळीच्या घाटाने पोलादपूरला उतरावयाचे, असा साधारण बेत असतो. त्यांत बँकेतील कारकून असतात, शिक्षक असतात, महाविद्यालयीन विद्यार्थीही असतात. या खटाटोपाकडे निव्वळ हौस म्हणून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. हौस तर ती आहेच. परंतु चार माणसे एकत्र येतात तेव्हा एकमेकांच्या उपयोगी केव्हा पडतात आणि केव्हा पडत नाहीत, याचे इतके उघडे दर्शन अन्यत्र क्वचितच घडते.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचे बहुतेक बळ हवा कापण्यात खर्च होते. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. ताशी ३० किलोमीटरांच्या आसपास, पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून जाणाऱ्याचे श्रम चतुर्थांशाने, कधी त्याहूनही अधिक वाचतात. पुढचा थकला की बाजूला होऊन मागे येतो आणि दुसरा त्याची जागा घेतो. ही एक प्रकारची भिशीच होय. प्रत्येकाने पाळीपाळीने भर घालावयाची आणि सर्वांनी लाभ घ्यावयाचा. दुबळ्याने थोडी कमी भर घातली तरी तिच्यावाचून कोणाचे अडत नाही.

पसरणीचा चढ लागला की ही भिशी मोडते. वाईपासून पाचगणीपर्यंत सुमारे १२ किलोमीटरांत रस्ता साडेपाचशे मीटरांहून अधिक वर चढतो. वेग ताशी आठ-दहा किलोमीटरांवर येतो आणि हवेचा विरोध जवळजवळ हिशेबातून जातो. उरते ते वजन. माणूस आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅमचा भार एवढ्या उंचीवर नेण्यास सुमारे ४३० किलोज्यूल काम करावे लागते. शरीर खर्चिलेल्या ऊर्जेच्या फार तर चौथ्या हिश्श्याचेच काम पदरात टाकत असल्यामुळे चारशे ते पाचशे किलोकॅलरी केवळ या चढापायी जळतात. त्यातली एकही दुसऱ्याकडून उसनी घेता येत नाही.

अशा वेळी ताफा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उभा राहतो. अनेक ताफ्यांनी त्याचे उत्तर नकळत देऊन टाकले आहे. दमदार मंडळी पुढे निघून जातात, माथ्यावर चहा घेतात, छायाचित्रे काढतात आणि शेवटचा घामाघूम होऊन पोहोचला की ‘चला, निघू या’ म्हणून उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते! शिवाय तो मघापासून एकटा होता. वळणावर ट्रक अंगावर आला असता, चाक पंक्चर झाले असते, तर मदतीला पुढे कोणी नव्हते आणि मागेही नव्हते.

थांबून राहिल्याने अंग गार पडते, आणि ज्याला चढ झेपत नाही त्याने आधी सराव करावा, असे यावर म्हटले जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ब्रेव्हे नामक उपक्रमात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे असतात आणि जो तो आपला जबाबदार असतो. पण ती अट आधीच सांगितलेली असते. ‘सगळे मिळून जाऊ’ असे म्हणून बोलावलेल्या माणसाला घाटाच्या पायथ्याशी ब्रेव्हेचा नियम लावणे हा करारभंगच म्हणावा लागेल. तो टाळणे अवघड नाही. मंद चालणाऱ्यांनी पायथ्यावरून अर्धा तास आधी निघावे. पंप आणि जादा ट्यूब घेऊन एका जाणत्याने शेवटी राहावे. विश्रांतीची मिनिटे शेवटचा पोहोचल्यापासून मोजावीत. आणि उतरून चालण्याची लाज कशाला? १९१० साली फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत तूर्मालेची खिंड प्रथमच आली, तेव्हा ती शर्यत जिंकणारा ऑक्ताव्ह लापीझसुद्धा त्या चढावर काही ठिकाणी सायकल हाती धरून चालला होता.

मात्र सारा दोष ताफ्यावर लोटून चालणार नाही. घाटात चढणारी सायकल ताशी आठ किलोमीटरांनी जाते, तिच्या शेजारून मोटार चाळीसने जाते, आणि दोघींना रस्ता एकच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना मज्जाव आहे. तेथे जुन्या बोरघाटाचा पर्याय असल्यामुळे ते समजण्याजोगे आहे. वाईहून पाचगणीस सायकलने जाणाऱ्याला पसरणीखेरीज सोयीची दुसरी वाट नाही. डांबराची कड तुटलेली, तिच्यापलीकडे गटार, म्हणून सायकलस्वार नाइलाजाने रस्त्याच्या मध्याकडे सरकतो आणि मागच्या चालकाच्या शिव्या खातो. घाटरस्ते रुंद करताना मिळालेली प्रत्येक वीत मोटारींच्या पदरी घालण्याऐवजी चढणीच्या अंगाला दीड मीटरचा सलग, भक्कम पट्टा राखून ठेवणे सार्वजनिक बांधकाम खात्याला अशक्य नाही. उतरणीला त्याची तितकी निकड नाही, कारण तेथे सायकलीचा वेग मोटारीच्या जवळपास जातो. रविवारची मंडळी दुपारी परत फिरतील. रोज अंधार पडताना ओझे लादलेली, विनागिअरची काळी सायकल ढकलीत जो कोणी घाट चढत असेल, त्यालाही तो पट्टा तितकाच उपयोगी पडेल.