कोंबडी कुणाच्या नावावर?



या अंकाचा विषय आहे ‘बाईची मिळकत’. शेतजमीन, राहते घर, मजुरी आणि पोटगी यांवरचे लेख पुढच्या पानांवर आहेतच. संपादकीय मात्र मी कोंबडीवर लिहिते आहे. बैठकीत हा विषय मांडला तेव्हा ‘इतके मोठे प्रश्न समोर असताना कोंबड्या कशाला?’ असे विचारले गेले. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकीला हे माहीत आहे की सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो. बैलजोडी त्याची. बँकेचे खाते तिच्या नावावर असले तरी पासबुक त्याच्या खिशात. अंगावरचे किडुकमिडुकसुद्धा अडचण आली की आधी गहाण पडते. कोंबडी मात्र तिची असते. ती तिने माहेरहून आणलेली असते, नाहीतर शेजारणीकडून वाट्याने घेतलेली असते. पिल्ले निघाली की निम्मी तुझी, निम्मी माझी. ती कधी विकायची, कुणाला आणि केवढ्याला, हे बहुतेक घरांत बाईच ठरवते.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवर आम्ही काम करतो. छळाची तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला मी विचारते, ‘इथवर आलीस कशी? भाडे कुणी दिले?’ उत्तर अनेकदा एकच असते, ‘कोंबडी इकली.’ कोर्टाच्या तारखेला तालुक्याला जायचे, पोराला सरकारी दवाखान्यात न्यायचे, भाऊ आजारी म्हणून माहेरी जाऊन यायचे, यासाठी नवऱ्यापुढे हात पसरणे तिला शक्य नसते. तक्रार त्याच्याच विरुद्ध असेल तर प्रश्नच मिटला. अशा वेळी खुराड्यातली तलंग हेच तिचे बचत खाते असते. म्हणून मी म्हणते की कोंबडीचा प्रश्न हा बाईच्या हातातल्या पैशाचा प्रश्न आहे.

हे धन काही थोडेथोडके नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदके मोजली गेली. त्यांतली सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातली, म्हणजे शेडमधली नव्हेत, अंगणातली आहेत. २०१२च्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली. कोंबड्या मोजल्या गेल्या हे चांगलेच झाले. त्यांना वाढवणाऱ्या बाईचे काम मात्र मोजले जात नाही. नियमाप्रमाणे कोंबडीपालन हे आर्थिक काम आहे. पण प्रगणक दारात येऊन ‘ही काय काम करते?’ असे विचारतो, तेव्हा उत्तर देतो घरातला पुरुष. ‘काही नाही, घरीच असते.’ मग नोंद ‘घरकाम’ अशी होते आणि ती बाई कामकऱ्यांच्या हिशेबातून बाहेर जाते. १९९१च्या जनगणनेत स्त्री-संघटनांच्या आणि अभ्यासक स्त्रियांच्या आग्रहामुळे कामाच्या प्रश्नात बिनमोबदल्याच्या कामाचा उल्लेख स्पष्टपणे घालावा लागला होता. तेव्हापासून आजवर कागद बदलला, दारातले उत्तर फारसे बदललेले नाही. कोंबडे झाकून ठेवले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, हे खरे. पण झाकणाऱ्याला जाब विचारायलाच हवा.

आता या ‘काही नाही’मध्ये काय काय येते ते पाहा. कोंबडी खुडूक झाली, पिसे फुलवून घरट्यावर बसू लागली, हे आधी ओळखावे लागते. पाटीत गवत किंवा भुसा आणि खाली थोडी राख घालायची, म्हणजे पिसवा होत नाहीत. अंडी आठवड्याच्या आतली हवीत. उन्हाळ्यात त्याहूनही ताजी. कोंबडीच्या आकाराप्रमाणे दहा-बारा अंडी ठेवायची. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. सातव्या दिवशी रात्री अंडे दिव्यासमोर धरून बघायचे. आत शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे, स्वच्छ दिसले तर ते काढून घ्यायचे. कोंबडी दिवसातून एकदा उतरते, तेव्हा दाणा-पाणी जवळ हवे, नाहीतर ती लांब जाते आणि अंडी निवतात. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात. त्यानंतर ती घारीपासून, मुंगसापासून आणि पहिल्या पावसाच्या गारठ्यापासून राखायची. डालग्याच्या फटी एवढ्याच ठेवायच्या की पिल्लू आत जाऊन कण्या खाईल, पण मोठी कोंबडी आत शिरणार नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला ‘कौशल्य विकास’ शिकवला गेला. ज्या आजींनी मला हे सारे समजावून सांगितले, त्यांच्या नावापुढे सरकारी फॉर्मवर ‘अकुशल’ असे लिहिलेले होते.

एवढे करून उरते काय? पाड्यावरच्या बायकांशी बसून हिशेब मांडला. बारा अंड्यांतून नऊ-दहा पिल्ले निघतात आणि विकण्याजोगी होईपर्यंत तीन-चार उरतात. काही घारीने नेली, काही गारठ्याने गेली. पण एकदम खुराडे रिकामे करून जातो तो मानमोडीचा रोग. सरकारी भाषेत रानीखेत. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि चार दिवसांत अंगण ओस पडते. बायका याला मरी म्हणतात आणि ती दरवर्षी यायचीच असे धरून चालतात. सहा महिन्यांची शिल्लक एका आठवड्यात बुडते. बँक बुडाली असती तर गावात मोर्चा निघाला असता.

हा रोग दैवाचा नाही. त्याला लस आहे आणि ती महागही नाही. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा एक थेंब, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसऱ्या लसीचे इंजेक्शन. मग बाईपर्यंत ती का पोचत नाही? कारण लसीची लहानात लहान बाटली साधारण शंभर पक्ष्यांची असते. ती थंडीत ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. शेडमध्ये हजार पक्षी असलेल्या माणसाला यात अडचण नाही. आठ कोंबड्या असलेल्या बाईने शंभराची बाटली आणून करायचे काय? आणि तालुक्याच्या दवाखान्यातून बर्फात घालून ती आणायची कशी?

इथेच संघटनेचे काम सुरू होते. एकटीला शंभराची बाटली परवडत नाही, पण पंधरा जणींच्या अंगणात मिळून शंभर पक्षी असतातच. ठरलेला दिवस, एक थर्मास, थोडा बर्फ आणि थेंब टाकायला शिकलेली पाड्यावरचीच एक बाई, एवढे पुरते. कोंबड्या सकाळी सोडण्याआधी, खुराड्यात असतानाच लस द्यायची. बांगलादेशात गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत गावोगावच्या गरीब बायकांना लस टोचायला शिकवून, त्याचे थोडे पैसे घ्यायची मुभा देऊन, हे काम मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. आपल्याकडे ‘उमेद’ अभियानातून पशुसखी तयार झाल्या आहेत. त्यांना केवळ अहवाल भरायला न लावता हे काम द्या, आणि कामाचा मोबदला द्या, अशी मागणी आपण करू शकतो. ‘सेवा’ म्हणून फुकट राबवून घेणे आपल्या ओळखीचे आहे.

दुसरा मुद्दा योजनांचा. पशुसंवर्धन विभाग निम्म्या अनुदानावर एक दिवसाची शंभर पिल्ले किंवा पंचवीस तलंगा आणि तीन नर देतो. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जातींची अंडी गावठी कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, म्हणजे आठवड्याला एक-सव्वा. तेव्हा सुधारित जातीला विरोध करायचे कारण नाही. पण या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, अंड्यांवर बसत नाहीत. म्हणजे पुढची पिल्ले अंगणात निघत नाहीत. ती उबवणी केंद्रातून विकत आणावी लागतात. आजवर जे बाईला येत होते ते यंत्राकडे गेले आणि यंत्राशी व्यवहार करायला घरातला पुरुष गेला. ज्या पाड्यांवर बायकांनी सुधारित कोंबडीची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवली, तिथे पिल्लेही निघाली आणि व्यवहारही त्यांच्याच हातात राहिला. योजनेच्या अधिकाऱ्याला हे सुचत नाही, कारण त्याने बाईला कधी विचारलेलेच नसते.

शंभर पिल्लांची योजना आली की आणखी एक गोष्ट घडते. शेडला जागा लागते, जागा त्याच्या नावावर. कर्ज लागते, तारण त्याचे. व्यापारी येतो, तो बोलतो पुरुषाशी. शेड झाडणे, पाणी भरणे, रात्री उठून दिवा बघणे तिच्याकडे तसेच राहते. आठ कोंबड्यांची ती मालकीण होती, शंभर कोंबड्यांची ती बिनपगारी मजूर होते. याला विकास म्हणायचे का, हे आपण बैठकीत मोठ्याने विचारायला हवे.

संकट आले की नाव कुणाचे हा प्रश्न आणखी टोकदार होतो. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. ठरलेल्या परिघातले पक्षी मारण्यात आले. त्यांत मोठ्या शेडबरोबर आजूबाजूच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही गेल्या. २०२१मध्ये परभणी जिल्ह्यात आणि पुन्हा नवापुरात तीच पाळी आली. रोग माणसांपर्यंत पोचू नये म्हणून हे करावे लागते, हे मान्य. पण भरपाईचा कागद ‘कुटुंबप्रमुखा’च्या नावे होणार असेल, तर जिची कोंबडी गेली तिच्या हाती काय येणार?

आपल्यातल्या काही मैत्रिणींचा आक्षेप मला ठाऊक आहे. पापड, लोणची, शिवण आणि आता कोंबड्या. बाईला घराभोवतीच गुंतवून ठेवण्याचा हा जुना मार्ग आहे आणि जमिनीचा, मजुरीचा लढा त्यात मागे पडतो. आक्षेपात तथ्य आहे. कोंबडीने सातबारा मिळत नाही. जमिनीऐवजी कोंबडी, असे कुणी म्हणत असेल तर त्याला नाहीच म्हटले पाहिजे. पण लढ्याला यायलाही एसटीचे भाडे लागते. जे आज तिच्या हातात आहे ते सोडून देऊन, जे नाही त्याच्यासाठी तिला उभे राहायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीसाठी काही सूचना करते. एक, प्रत्येकीच्या कोंबड्या मोजा आणि एका वहीत तिच्याच नावाने लिहा. पाड्याची वही ग्रामसभेत ठेवा. भरपाईच्या वेळी हीच वही पुढे करता येईल. दोन, पावसाळ्याआधी आणि थंडीआधी असे लशीचे दोन दिवस ठरवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लेखी कळवा. मधल्या काळात निघणाऱ्या पिल्लांसाठी शिकलेल्या बाईला पुन्हा बोलवा. तीन, आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून बालकांना अंडी दिली जातात. आहार समितीने ती शक्य तितकी पाड्यावरच्या बायकांकडून घ्यावीत असा ठराव करा. मात्र सगळी अंडी विकली तर पिल्ले कुठून येणार, हेही ठरवा; आणि घरातल्या पोरीच्या, गरोदर सुनेच्या ताटात अंडे पडते का, तेही विचारा. पाहुण्याला कोंबडा आणि कापणारीला रस्सा, ही रीत आपल्याच घरातली आहे. चार, जनगणनेचा प्रगणक दारात येईल तेव्हा स्वतः पुढे व्हा आणि ‘मी कोंबड्या पाळते, हे माझे काम आहे’ असे सांगा.

तुमच्याकडे काय झाले ते आम्हाला कळवा. लस मिळाली की नाही, दवाखान्याने काय उत्तर दिले, वहीत किती पक्षी भरले, ते पोस्टकार्डावर चार ओळींत लिहिले तरी चालेल. पुढच्या अंकात त्यासाठी दोन पाने राखून ठेवली आहेत.

— संपादक मंडळाच्या वतीने