गेली कुणाबरोबर?

पनवेलच्या कोर्टाने २१ एप्रिल २०२५ ला एका पोलीस इन्स्पेक्टराला जन्मठेप ठोठावली. अभय कुरुंदकर. खून कुणाचा, तर खात्यातल्याच सहाय्यक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांचा. शिक्षेच्या दिवशी आमच्या नाक्यावरच्या टपरीवर चर्चा रंगली, ती खुनाची नव्हे. त्या दोघांच्या भानगडीची. बाई जाऊन नऊ वर्षं झाली तरी लोकांना चघळायला तेच. डोकं उठलं म्हणून हे लिहायला बसलो.

दोस्तांनो, आधी तारखा बघा. बाई बेपत्ता झाली ११ एप्रिल २०१६ ला. नंतरही तिच्या फोनवरून निरोप जात राहिले, ध्यानाला चाललेय म्हणून. नवऱ्यापासून वेगळी राहत होती. एवढं कळलं की आपल्या समाजाला पुढचं सगळं आपोआप कळतं. गेली असेल कुठं. येईल. मोठी बाई आहे, पोलीस आहे, तिला काय होतंय! कळंबोली ठाण्यात गुन्हा नोंदला ३१ जानेवारी २०१७ ला. नऊ महिने वीस दिवसांनी. त्याच महिन्यात, प्रजासत्ताक दिनाला, कुरुंदकरला राष्ट्रपती पदक. अटक झाली डिसेंबरात. प्रेताचे तुकडे वसईच्या खाडीत टाकले असं तपासात आलं. खाडी शोधली, काही मिळालं नाही. या माणसाची पदकासाठी शिफारस झालीच कशी, असं शेवटी कोर्टालाच विचारावं लागलं.

तिचा नवरा आणि भाऊ हटले नाहीत. वेगळा राहणारा नवरा, त्याच्याबद्दल लोक काय बोलले नसतील? तरी तो माणूस हायकोर्टापर्यंत भांडला. लोकांच्या तोंडाकडे बघून घरी बसला असता तर फाईल आज कुठल्या कपाटात असती?

ही वर्दीतल्या बाईची गत. आता आपल्या वस्तीत या.

आमच्या चाळीतली एक बाई दोन वर्षांमागे गेली. चार घरची धुणीभांडी करायची, सकाळी निघाली ती परतली नाही. सासू ठाण्यात गेली. कुठलं ठाणं ते सोडा, सगळी सारखीच. तिथं पहिला प्रश्न काय? "मोबाईलवर कुणाशी बोलायची?" म्हातारी म्हणाली, मला काय ठावं. झालं. रजिस्टरात नोंद आणि म्हातारी बाहेर. इकडे नळावर, पानपट्टीवर, किराणावाल्याकडे एकच सूर. कुणी म्हणे प्लंबरबरोबर, कुणी म्हणे बिल्डिंगच्या वॉचमनबरोबर. वॉचमन तर इथंच होता, रोज दिसायचा, तरी त्याच्याबरोबर! मीही बोललो. लपवत नाही. चौघांत बसून हसलो आणि म्हणालो, सुटली बिचारी. कविता लिहितो मी, बाईच्या दुःखावर टाळ्या घेतलेल्या आहेत, आणि हे माझं तोंड.

त्याचं पुढे काय झालं ते ऐका. म्हातारीने नळावर यायचं बंद केलं. मग ठाण्यात जायचंही. म्हणाली, "जाऊन काय करू रे भाऊ, सगळ्ये म्हणत्यात ती पळाली. साहेब बी त्येच म्हणला." म्हणजे ठाण्याला करायचं नव्हतं ते काम आम्ही फुकटात उरकून दिलं.

सुप्रीम कोर्टाने २०१३ साली दोन गोष्टी सांगितल्या. अठराच्या आतलं पोर हरवलं तर ते पळवलं गेलंय असं धरूनच गुन्हा नोंदवा, ही एक. दुसरी ललिता कुमारी खटल्यात : दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफ.आय.आर. घेतलाच पाहिजे, मर्जीचा प्रश्न नाही. तो खटलाही एका बापाचा, पोरगी नाहीशी झालेली आणि ठाणं ऐकेना. पण अठराच्या वरची बाई असली की मिसिंगच्या रजिस्टरात एक ओळ. त्या ओळीपुढे तपास लिहायचा की "प्रेमप्रकरण" लिहायचं, हे बरंचसं बाहेरच्या कुजबुजीवर ठरतं.

आमच्याच रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या गागोद्याच्या रानात मे २०१२ मध्ये एक जळालेलं प्रेत सापडलं. खुनाचा गुन्हा तेव्हा नोंदलाच नाही. २०१५ च्या ऑगस्टात कळलं की ते शीना बोराचं. तीन वर्षं सांगितलं जात होतं की पोरगी अमेरिकेत आहे. मग टीव्हीवाल्यांनी महिनोन् महिने त्या घरातली नाती उसवली. आणि २००६ साली दिल्लीजवळ निठारीत मजुरांची पोरं एकेक करून गायब होत होती, तेव्हा आईबापांना ठाण्यात उत्तर मिळत होतं की पळाली असतील. डिसेंबरात नाल्यात हाडं सापडली. बघा, अफवेलाही वर्ग आहे. बंगल्यातली अमेरिकेला जाते, पोलिसीण ध्यानाला जाते, आपली नुसती पळते.

मी डॉकवर काम करतो. जहाजातून उतरलेल्या मालात एक पेटी कमी भरली तर टॅली-क्लार्कपासून कस्टमपर्यंत सगळे जागे. गेट बंद, कागद बाहेर, शेवटी कुणी हात लावला, किती वाजता, कुठल्या ट्रकात. पेटी कुणाबरोबर गेली असं अजून कुणी विचारलेलं नाही.

बाई खरंच स्वतःहून गेली असेल तर? असेल. तिचा हक्क आहे. मारकुट्या नवऱ्याला सोडून गेली असेल तर माझा जयभीम तिला. पण ती जिवंत आहे एवढं तरी कुणीतरी बघून यायला नको? तिला परत ओढून आणा असं कोण म्हणतंय?

येत्या सोमवारी म्हातारीला घेऊन ठाण्यात जातोय. नोंदीचा नंबर मागायचा, दोन वर्षांत काय तपास केला ते लेखी मागायचं. फोटो एकच आहे, कुणाच्या तरी लग्नातला, तीही मागच्या रांगेत. तेवढाच मोठा करून घेतलाय. ज्यांना यायचं त्यांनी सकाळी दहाला एस.टी. स्टँडसमोर या. वॉचमनची गोष्ट सांगायला येणार असाल तर येऊ नका.