आधी बायनॉक्युलर, मग दुर्बीण

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत मुलांना वाढदिवसाला दुर्बीण भेट देण्याचा सल्ला वाचला. हेतू चांगला आहे, सल्ला मात्र पटला नाही. हौसेने आणलेली स्वस्त दुर्बीण पंधरवड्यात माळ्यावर जाते, हे मी घरातच पाहिले आहे. नातवासाठी मागवलेल्या खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक छापले होते. भिंग होते ६० मिलिमीटरचे. दर मिलिमीटरमागे दोन पट धरले, तरी अशा भिंगाची धाव १२० पटींच्या पुढे नाही. त्यानंतर नुसता अंधूक गोळा मोठा होत जातो. त्यात तिपाई अशी लटपटती, की चंद्रसुद्धा नजरेत ठरेना. पोरगे कंटाळले, त्यात त्याचे काय चुकले?

दहा हजारांच्या आत-बाहेर १०×५० ची, म्हणजे दहा पटींची आणि ५० मिलिमीटर भिंगांची, बरी बायनॉक्युलर मिळते. दहा पट म्हणजे कमी, असे वाटते खरे. पण तिच्यात आकाशाचा साधारण साडेसहा अंशांचा तुकडा एकदम दिसतो, म्हणजे पौर्णिमेचे तेरा चंद्र ओळीने मावतील एवढा. त्यामुळे हवे ते सापडते. कृत्तिकांचा अख्खा पुंजका एका नजरेत येतो, आणि गावाकडच्या काळोखात देवयानी दीर्घिकेचा धुरकट डागही. तो प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला! हात टेकवून धरले, तर गुरूचे चंद्रही दिसतात. शनीची कडी दिसणार नाहीत, हे कबूल. त्यासाठी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचे खगोल मंडळ यांच्या आकाशदर्शनाला जावे.

शिवाय दिवसा बायनॉक्युलर पेटीत पडून राहत नाही. चित्र सुलटे दिसते, त्यामुळे भिगवणला पट्टकदंब पक्ष्याच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे नावेतून नीट मोजता येतात.

घेताना फसगत होते, ती पटींच्या लोभानेच. झूमवाली आणि लालभडक भिंगांची बायनॉक्युलर दुकानातच ठेवावी. हातभर लांब धरून उजेडाकडे रोखली, की डोळ्याच्या बाजूच्या भिंगात प्रकाशाची टिकली दिसते. ती पूर्ण गोल हवी. कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या, तर आतले लोलक हलके समजावेत. १०×५० मध्ये ही टिकली पाच मिलिमीटरची असते. ७×५० मध्ये ती सातची, पण आमच्या वयाची बाहुली काळोखातही तेवढी उघडत नाही. जास्तीचा उजेड वायाच. तरुणांनी ७×५० जरूर घ्यावी, हाताची थरथर कमी जाणवते. दूरची तार एकाची दोन दिसली किंवा डोळ्यांवर ताण आला, तर तो नग परत करावा. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

शाळांनीही एका मोठ्या दुर्बिणीचे कपाट सांभाळण्यापेक्षा तेवढ्या पैशांत चार-पाच बायनॉक्युलर घेऊन त्या मुलांच्या हातात द्याव्यात. पडतील, ओरखडे येतील, येऊ द्यावेत.

आपण हा विषय पुन्हा छापलात, तर एक ओळ चौकटीत टाकावी, ही विनंती : बायनॉक्युलर सूर्याकडे कधीही रोखू नये, क्षणात डोळा जातो.

– एक निवृत्त शिक्षक, वाई