रक्ताचं विरजण

आपल्या घरांत दोन भाषा नांदतात, म्हणून एक गंमत सांगतो. मराठीत रक्त गोठतं. कन्नडात त्याला ‘हेप्पुगट्टुवुदु’ म्हणतात, आणि हेप्पु म्हणजे आपलं दह्याचं विरजण! शिरांत हे विरजण लागू नये म्हणून अँजिओप्लास्टी, बायपास, डायलिसिसच्या वेळी हेपॅरिन देतात. १९१६ साली अमेरिकेत सापडलेलं हे औषध आज बहुतेक डुकराच्या आतड्यापासून बनतं.

त्याची एक विचित्र खोड मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते. रक्तातल्या प्लेटलेट ‘पीएफ-४’ नावाचं प्रथिन सोडतात. हेपॅरिन त्याला चिकटलं की काही थोड्या लोकांचं शरीर या जोडीला परकं समजून प्रतिपिंडं तयार करतं, आणि ती प्लेटलेटनाच चेतवतात. प्लेटलेट निम्म्यावर येतात. प्लेटलेट उतरल्या की रक्तस्राव, हे डेंग्यूनं आपल्याला शिकवलेलं गणित इथे चुकतं. इथे उलट गाठी होतात. पायात, फुफ्फुसात, कधी मेंदूत.

२०२१ मध्ये याचंच भावंड जगापुढे आलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशील्ड म्हणजे अ‍ॅस्ट्राझेनेकाचीच लस. ही लस घेतलेल्या अगदी मोजक्या लोकांत हेपॅरिन न घेताच तशी प्रतिपिंडं निघाली. जर्मनीच्या आंद्रेआस ग्राइनाखर यांना ती ओळखता आली, कारण हेपॅरिनचं हे दुखणं ते वर्षानुवर्षं अभ्यासत होते. त्या मे महिन्यात आपल्या सरकारनं कोविशील्डनंतरच्या संशयित गाठींचं प्रमाण दहा लाख डोसमागे ०.६१ दिलं होतं. तेव्हा लशीच्या नावानं बोटं मोडण्याचं कारण नाही.

आता आपल्या कामाचं. ही प्रतिपिंडं बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवशी डोकं वर काढतात. तोवर आपला पेशंट सोलापूर-हैदराबादहून डिस्चार्ज घेऊन भालकीला आलेला असतो! एक पाय सुजला, अचानक धाप लागली, इंजेक्शनच्या जागी कातडी काळवंडली, तर वाट पाहू नका. डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा, हेपॅरिन दिलं होतं हे स्वतःहून सांगा, प्लेटलेट मोजायला सांगा. निदान झालं तर हेपॅरिन पूर्ण थांबवून रक्त पातळ ठेवणारं दुसरं औषध द्यावं लागतं. ते डॉक्टरच ठरवतील. आपल्या मनानं कुठलीच गोळी बंद करू नये.

आणि ज्याला हा त्रास एकदा झाला, त्याच्या फाईलवर ते ठळक अक्षरांत लिहून ठेवा. तीनेक महिन्यांत पुन्हा हेपॅरिन मिळालं, तर प्लेटलेट पहिल्याच दिवशी कोसळू शकतात.